आधी बाटली, मग गोळी

ये गं, बस. ती मटारची परात इकडे सरकव, सोलता सोलता बोलू. जानेवारीत जबलपुरात कुणाच्याही घरी जा, बायका मटारच सोलत असतात, त्यामुळे रिकाम्या हातानं रडत बसायची सोय नाही. आणि मास्क काढ थोडा वेळ. घरात मी एकटीच आहे आणि मला सर्दी नाही.

काल फोनवर काय म्हणालीस? "ताई, मला परत ते झालंय." ते म्हणजे काय? लघवीचं इन्फेक्शन. म्हण बघू एकदा मोठ्यानं. किडनी बदलून घ्यायला घाबरली नाहीस, आणि लघवी म्हणायला लाजतेस? आपल्या आज्या बऱ्या, सरळ "उन्हाळी लागली" म्हणायच्या आणि वाळ्याचं पाणी पीत बसायच्या. लाजेनंच आपण दोन दिवस गप्प राहतो बघ, आणि आपल्यासारख्यांना ते दोन दिवस फार महाग पडतात.

पाच महिन्यांत तिसऱ्यांदा झालं म्हणून तुला वाटतंय की आपणच काहीतरी घाण केली, आपणच आईच्या किडनीची नीट काळजी घेतली नाही. खरं सांगू का, अकरा वर्षांपूर्वी मलाही असंच वाटलं होतं. दिवसातून चार वेळा साबणानं खसाखसा धुवत होते. इतकं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हे काय पितळेचं भांडं आहे?" तिथे साबण, डेटॉल, सुगंधी वॉश यातलं काही लावायचं नसतं. तिथले चांगले जंतू मरतात आणि वाईटांना मोकळं रान मिळतं. साधं पाणी पुरे, आणि धुणं-पुसणं नेहमी पुढून मागे. तो जेट स्प्रेसुद्धा मागून पुढे मारायचा नाही हं.

आता नीट ऐक. किडनी बदलल्यावर जंतूंमुळे होणाऱ्या आजारांत लघवीचं इन्फेक्शन सगळ्यांत जास्त दिसतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत तर फारच. कारणंही साधीच आहेत. परक्याची किडनी शरीरानं फेकून देऊ नये म्हणून आपण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड घेतो. या गोळ्या घरच्या पहारेकऱ्याला झोपवून ठेवतात. पाहुणीला तो हात लावत नाही, पण चोरालाही हटकत नाही. (गंमत बघ, टॅक्रोलिमस मिळालं ते जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जंतूपासून, 1984 साली. एक जंतू आपली किडनी सांभाळतोय आणि दुसरा तिला त्रास देतोय.) त्यात ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घातलेली असते. मूत्रवाहिनी मूत्राशयाला नव्यानं शिवतात, तिथे आत स्टेंट ठेवतात, तो काही आठवड्यांनी काढतात. जन्माच्या मूत्रवाहिनीला मूत्राशयाशी एक झडपेसारखी सोय असते, या शिवलेल्या जोडाला ती तितकीशी नसते. मग लघवी कधीकधी उलटी वर चढते. वर आपण बायका. पुरुषांचा लघवीचा मार्ग साधारण वीस सेंटिमीटर, आपला जेमतेम चार. मोठ्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूला तेवढं अंतर म्हणजे गोलबाजारातून राइट टाउनला जाण्यासारखं. यात तुझा कुठे दोष आला, सांग.

दोष नसला तरी काम आहे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की डॉक्टर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. तू त्या हिशेबात बसलीस. म्हणजे आता नुसती आणखी एक गोळी घेऊन भागणार नाही. ते परत परत का येतंय हे शोधायची वेळ आलीय. ते शोधायला काय लागतं ते मागाहून सांगते. आधी माझा मूर्खपणा ऐक, म्हणजे तुझा चेहरा जरा सुधारेल.

मला दुसऱ्यांदा जळजळ सुरू झाली तेव्हा कपाटात आधीच्या वेळच्या चार अँटिबायोटिक गोळ्या उरलेल्या होत्या. आता आपण मराठी माणसं, चार गोळ्या फुकट कशा घालवणार? घेतल्या. दीड दिवसात बरं वाटलं. मग मी तपासणीला नमुना दिला आणि कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. उगवेल कसं, अर्धमेले जंतू! डॉक्टरांना कळेना कोणतं औषध द्यावं. आठवड्यानं ते जंतू ताजेतवाने होऊन आले, एकशे दोन ताप घेऊन. तेव्हाच्या कल्चरमध्ये निम्म्याहून अधिक औषधांपुढे 'आर' लिहिलेलं, म्हणजे त्या औषधांना तो जंतू जुमानत नाही. शेवटी चौदा दिवस शिरेतून इंजेक्शनं. चार गोळ्या वाचवायला गेले आणि हाताच्या शिरा संपवून आले.

म्हणून माझ्या फ्रिजवर चिकटवलंय ते वाच. "आधी बाटली, मग गोळी." जळजळ, सारखं सारखं लागणं, गढूळ किंवा घाण वासाची लघवी, रक्ताचा लाल रंग, यातलं काहीही दिसलं की पहिली गोष्ट कल्चरचा नमुना द्यायचा. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजानं एक औषध चालू करतात आणि रिपोर्ट आला की गरज पडल्यास बदलतात. बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचा, आणि उरलेलं औषध कपाटात साठवायचं नाही. उरू द्यायचंच नाही म्हण ना.

आणि बाटली म्हणजे लॅबमधून आणलेली, बंद, निर्जंतुक बाटली. हे सांगावं लागतं, कारण मी एकदा लोणच्याची बाटली घासूनपुसून, उकळून तिच्यात नमुना नेला होता. दोन दिवसांनी लॅबवाला म्हणतो, "मॅडम, इसमें तो पूरा मोहल्ला निकला है." तीन-चार जातींचे जंतू एकत्र उगवले की ते बहुधा बाहेरचे असतात, तपासणी वाया जाते. रीत अशी. हात धू, पुढून मागे साध्या पाण्यानं धू, कोरडं कर. पहिली धार सोडून दे, मधली धार बाटलीत घे. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. दोन तासांत लॅबमध्ये पोचव. नाही जमलं तर तोवर फ्रिजमध्ये ठेव, पण त्यावर चिठ्ठी लाव बाई. आमच्या सासूबाईंनी एकदा ती बाटली उजेडात धरून विचारलं होतं, "हे कसलं सरबत गं?"

आता घाबरवत नाहीये, पण हे तुला माहीत असायलाच हवं. ही किडनी पाठीत नाही, पुढे ओटीपोटात बसवलीय, तुझी उजव्या बाजूला ना? तिच्या नसा कापलेल्या असतात. त्यामुळे जुन्या किडनीला सूज आली की पाठीत जशी कळ यायची तशी इथे येईलच असं नाही. स्टेरॉइडमुळे तापही दबून राहतो. म्हणजे आग लागलीय आणि घंटाच वाजत नाही. म्हणून आपण बारीक खुणा ओळखायला शिकायचं. किडनीच्या जागेवर हात ठेवल्यावर दुखणं किंवा ती जड, ताणलेली वाटणं, हुडहुडी, मळमळ, लघवी कमी होणं, एकदम गळून जाणं. थर्मामीटर उशाशी ठेव. शंभरच्या वर गेला की "सकाळी बघू" म्हणायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं की क्रिएटिनिन वाढतं. पण वेळेवर औषध मिळालं की बहुतेक वेळा ते खाली येतं. माझं एकदा बरंच चढलं होतं आणि महिन्याभरात जुन्या आकड्यावर आलं. तेव्हा एक आकडा बघून गंगाजळ मागवायचं नाही.

आपली खरी अडचण अंतराची. तुझे ट्रान्सप्लांटचे डॉक्टर नागपूरला, आणि लखनादौन, सिवनी करत नागपूर पावणेतीनशे किलोमीटर. हुडहुडी भरलेली असताना गाडीत बसून पाच तास निघायचं नसतं, आधी इथेच उपचार सुरू व्हायला हवेत. म्हणून आजच, बरी असताना, एका जबलपूरच्या डॉक्टरांशी ओळख करून ठेव. नेफ्रॉलॉजिस्ट मिळाले तर उत्तम, नाहीतर चांगले फिजिशियन. त्यांच्याकडे फाइलची एक प्रत आणि नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर ठेव. दोघांचं एकमेकांशी बोलणं झालेलं असलं की रात्री दोन वाजता तुला दुभाषी व्हावं लागत नाही. एक पिशवी भरून ठेव. औषधांची यादी, मागचे सगळे कल्चर रिपोर्ट, दोन दिवसांच्या गोळ्या. मागचे कल्चर का, तर कोणता जंतू कोणत्या औषधाला दबतो हे त्यात लिहिलेलं असतं, आणि नव्या डॉक्टरांना अंदाज बांधायला तेच कामी येतं.

आणि दवाखान्यात कुठेही गेलीस तरी तोंडातून पहिलं वाक्य हेच निघालं पाहिजे, "माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, मी टॅक्रोलिमस घेते." दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा. कारण काही औषधं टॅक्रोलिमसशी भांडतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल यांनी रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं आणि किडनीलाच मार बसतो. उलट रिफॅम्पिसिननं ते इतकं घटतं की शरीर किडनी नाकारायला लागतं. गरज पडली तर डॉक्टर डोस बदलून, रक्ततपासणी करून हे बसवतात, पण त्यांना माहीत हवं ना. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशी दुखण्याची औषधं तर नकोच. मेडिकलवाल्या भैयानं प्रेमानं दिली तरी नको.

प्रेमानं देणाऱ्यांचं काय करायचं, हा तुझा मोठा प्रश्न आहे, मला ठाऊक आहे. एक काकू गोखरूचा काढा आणतील, दुसरी पुनर्नवा, तिसरी "किडनी साफ करणारं" चूर्ण. बघ, त्यांच्याशी वाद घालू नकोस. बरणी घे, थँक्यू म्हण आणि आतलं पोटात घेऊ नकोस. अशा काढ्या-चूर्णांत नेमकं काय आणि किती आहे आणि ते आपल्या गोळ्यांशी कसं वागेल हे कुणालाच नीट सांगता येत नाही. धन्या-जिऱ्याचं पाणी गार वाटतं म्हणून डॉक्टरांना विचारून एखादा कप घेतलास तर घे, पण ते औषध नव्हे. फळांत एकाशी मात्र कायमचं वैर, पपनस. इकडे चकोतरा म्हणतात तेच. पपनस आणि ग्रेपफ्रूट दोन्ही टॅक्रोलिमस वाढवतात. क्रॅनबेरीच्या महागड्या गोळ्यांचं तू विचारलं होतंस. ज्या बायकांना वारंवार इन्फेक्शन होतं त्यांच्यात थोडा फायदा दिसलाय, पण किडनी बदललेल्यांसाठी तितका भक्कम पुरावा नाही. त्या पैशात चांगला थर्मामीटर घे.

आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुझ्या सासूबाई माझ्यावर रागावतील. रथसप्तमीला नर्मदा जयंती. तुम्ही सगळे ग्वारीघाटावर जाणार आणि तुझ्या हातावर तीर्थ येणार. नर्मदेचं पाणी कपाळाला लाव, डोळ्यांना लाव, पोटात घेऊ नकोस. स्नानही नको. मैया समजून घेईल, ई. कोलाय नाही घेणार. पिण्याचं पाणी उकळून गार केलेलंच.

पाण्यावरून आठवलं. तू किती पितेस? खोटं बोलू नकोस. डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर, आणि मे महिन्यात त्रेचाळीस अंश तापमान असताना त्याहून जास्त. डायलिसिसच्या दिवसांत घोट घोट मोजून प्यायची सवय लागलेली असते, ती जाता जात नाही. मी ट्रान्सप्लांटनंतर सहा महिने अर्ध्या फुलपात्यानं पाणी पीत होते, जणू कुणी हिशेब मागणार आहे! सकाळी मोठी बाटली भरून समोर ठेव, जेवणापर्यंत संपली पाहिजे.

प्यायलं की जावंही लागतं, आणि इथेच आपण बायका मार खातो. बाजारात धड बाथरूम नाही म्हणून धरून ठेवायचं, गाडीतलं घाण म्हणून धरून ठेवायचं, आणि हळदीकुंकवाला गेलं की "जायचं कुठे" विचारायला लाज म्हणून धरून ठेवायचं. मी माझ्या भाचीच्या लग्नात पैठणी सोडायचा कंटाळा म्हणून सहा तास तशीच बसले होते. बाकीची गोष्ट मघाशी सांगितली, ते एकशे दोन. घड्याळ लाव, दर तीन तासांनी जायचं, लागलं नसेल तरी. रात्री झोपण्याआधीही. आणि घाई करू नकोस. एकदा झाली की मिनिटभर थांब, जरा पुढे वाक, परत प्रयत्न कर. तळाशी उरलेली लघवी म्हणजे जंतूंचं साठवणीचं पिंप. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांग डॉक्टरांना. आतडं भरलं की मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

मान खाली घालू नकोस, आता नवऱ्याचा विषय. त्यात चूक काही नाही, मन असलं की जवळ यावं. फक्त नंतर लगेच उठून लघवीला जायचं आणि पाणी प्यायचं. जंतू मारणारी क्रीम, जेली असलं काही वापरत असाल तर बंद करा. दर वेळी नंतरच इन्फेक्शन होत असेल तर तेही डॉक्टरीणबाईंना सांग. मूल हवंय हे मला माहीत आहे. निदान वर्षभर थांब, आणि त्याआधी डॉक्टरांशी बोल. मायकोफेनोलेट गर्भाला घातक असतं, ते आधी बदलावं लागतं. तोवर गर्भनिरोधनाचं बघ.

आता ते "का" शोधायचं. नागपूरला पुढच्या वेळी जाशील तेव्हा गोळीचं नाव विचारून परत येऊ नकोस. विचार की डॉक्टर, लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते, ती सोनोग्राफी करायची का? स्टेंट निघालाय ना, पूर्ण? साखर वाढलीय का? आपल्या औषधांनी नव्यानं मधुमेह होतो गं, आणि गोड लघवी म्हणजे जंतूंना खव्याची जिलेबी. खडा आहे का, लघवी उलटी चढते का, जुन्या किडन्यांत काही दडलंय का? कल्चर रिकामं आणि पस सेल्स मात्र येतच राहिल्या, तर टीबीची तपासणी करायची का, हेही विचार. आपल्या देशात ते विसरून चालत नाही. सेप्ट्रान तुला चालू आहे ते एका वेगळ्या न्यूमोनियासाठी, त्यानं लघवीलाही थोडं संरक्षण मिळतं, पण ई. कोलाय त्याला कधीच शिकलेला असू शकतो.

आणखी एक, कारण तू परवा रिपोर्ट बघून जेवली नव्हतीस. त्रास काही नाही, ताप नाही, क्रिएटिनिन ठीक, आणि रिपोर्टात चार पस सेल्स किंवा थोडे जंतू दिसले, तर तो दर वेळी आजार नसतो. पहिले एक-दोन महिने गेल्यावर अशा गप्प बसलेल्या जंतूंवर उगाच औषध न देणंच बरं, असं आता डॉक्टर मानतात. उगाच मारत बसलं की उरतात ते जास्त निबर. म्हणून डॉक्टर "थांबूया" म्हणाले तर दुसरीकडे जाऊन औषध लिहून आणू नकोस.

आईचं म्हणतेस ना, तिला सांगायला जीव धजत नाही. मला थोरल्या बहिणीनं दिली होती, मीही दोन वर्षं तिच्यापासून प्रत्येक ताप लपवला. एक दिवस ती म्हणाली, "मी दिली ती तुला. आता तिचा रिपोर्ट मला कशाला भरतेस?" तेव्हा कुठे माझं रडू सुटलं. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे तुला माहीत आहे? आपल्याला मिळाली. आता ती चोरून वापरल्यासारखी नको वापरू. इथल्या विदिशाच्या खासदार सुषमा स्वराज आठवतात ना? नोव्हेंबर 2016 मध्ये परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी स्वतःच ट्विटरवर सांगून टाकलं की किडनी निकामी झाल्यामुळे मी एम्समध्ये आहे. 10 डिसेंबरला ट्रान्सप्लांट झालं, आणि मग परत कामावर. मंत्रीणबाईंनी साऱ्या देशाला सांगितलं, तुला फक्त आईला आणि नागपूरला सांगायचंय.

बरं, मटार संपले. यातले निम्मे घेऊन जा, उसळ कर, तिखट बेताचं. हळदीकुंकवाला दुपारी ये, संध्याकाळची गर्दी टाळ. तिळगूळ मी घरीच केलाय. आणि आता उठ. मघापासून पाच वेळा मांडी बदललीस, मला दिसत नाही होय? उजवीकडचं दार, दिवा बाहेरून लागतो. बाटली हवी असेल तर वरच्या फळीवर आहे, लॅबचीच आहे, लोणच्याची नाही.